ॲक्वेरियमचं सामान बदलायचंय? स्वतः करायचं की माणूस बोलवायचा, आधी हा हिशोब मांडा



या विषयावरच्या व्हिडिओत मी हिशोब तोंडी सांगितला, पण आकडे स्क्रीनवर पटापट निघून गेले. म्हणून इथे नीट लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी तुम्हाला तुमचे स्वतःचे आकडे भरायचे आहेत.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. पहिले म्हणजे ज्यांच्या क्लिनिकमध्ये, सलूनमध्ये, हॉटेलच्या गल्ल्याजवळ किंवा घरच्या हॉलमध्ये टँक आहे आणि आता फिल्टर, लाईट किंवा अख्खा टँकच मोठा करायचाय. दुसरे म्हणजे ज्यांना ॲक्वेरियमचं दुकान किंवा मेंटेनन्सची सर्व्हिस सुरू करायची आहे. पहिल्यांचा प्रश्न असतो, "माणसाला पैसे का देऊ?" दुसऱ्यांचा असतो, "लोक मला पैसे का देतील?" दोघांनाही एकच उत्तर समजून घ्यायचंय.

आणि तुमचा धंदा केक बनवण्याचा असो की मोबाईल रिपेअरिंगचा, हा हिशोब तिथेही तसाच लागतो. मी ॲक्वेरियम घेतोय कारण माझं दुकान त्याचं आहे आणि इथे चुकलं की दोन दिवसांत दिसतं.

लोक नेमकं उलटं करतात

दुकानात रोज बघतो. दर पंधरा दिवसांनी पाणी बदलायला लोक माणूस लावतात, म्हणजे जे काम बादली आणि पाईप घेऊन कोणीही शिकू शकतं ते. आणि चार फुटी टँकसाठी नवा इलेक्ट्रिक पॉइंट मात्र एक्स्टेंशन बोर्ड लावून स्वतःच काढतात. सोप्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या कामाला पैसे जातात आणि अवघड, धोक्याचं, वर्षातून एकदा येणारं काम अंगावर घेतलं जातं.

कारण साधं आहे. पाणी बदलायचा कंटाळा येतो आणि नवीन मशीन जोडायची हौस असते. हौस असायलाच पाहिजे, पण धंद्याचा निर्णय कंटाळा आणि हौस यांच्यावर सोडायचा नाही. त्यासाठी तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, चुकलं तर काय जाईल, आणि ते परत आणता येईल का?

दुसरा, हे काम वर्षात किती वेळा येणार?

तिसरा, माझ्या एका तासाची किंमत किती?

आता एकेक प्रश्न घेऊ.

प्रश्न पहिला: चुकलं तर काय जाईल?

यासाठी टँकमध्ये काय चालतं ते थोडं माहीत पाहिजे. मासे श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. अमोनिया माशांना विष आहे. टँकमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जीवाणू मुख्यतः फिल्टरच्या स्पंजमध्ये, सिरॅमिक रिंगांमध्ये राहतात. नव्या कोऱ्या फिल्टरमध्ये ते नसतात. ते पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात.

म्हणून जुना फिल्टर काढून टाकला आणि नवा महागडा कॅनिस्टर लावला, की पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. गिऱ्हाईक म्हणतं, "मशीन खराब दिलं." मशीन चांगलं असतं, जीवाणू कचऱ्यात गेलेले असतात.

उपाय फुकटचा आहे. जुना आणि नवा फिल्टर तीन-चार आठवडे एकत्र चालवायचे. जागा नसेल तर जुना स्पंज किंवा रिंगा नव्या फिल्टरच्या डब्यात टाकायच्या. आणि जुना मीडिया नळाखाली धुवायचा नाही. महापालिकेच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतं. ते आपल्यासाठी चांगलं, पण फिल्टरमधल्या जीवाणूंनाही मारतं. टँकमधून बादलीभर पाणी काढायचं आणि त्यातच स्पंज पिळायचा. नवीन पाणी टाकताना अँटीक्लोरिन.

हे एवढं कळलं, की फिल्टर बदलणं हे परत आणता येणाऱ्या चुकांच्या यादीत येतं. दोन्ही फिल्टर चालू असतील तर नवा बंद पडला तरी जुना आहे.

आता ज्या चुका परत आणता येत नाहीत त्या बघा.

वीज. पाणी आणि करंट शेजारी-शेजारी आहेत, इथे हौस नको. टँकचा पॉइंट ३० मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर असला पाहिजे. पाण्यातून करंट गळायला लागला की तो लाईन तोडतो. हे बसवणं, नवा पॉइंट काढणं, अर्थिंग तपासणं हे परवाना असलेल्या वायरमनचं काम. तुम्ही करायचं ते इतकंच: टँकमध्ये हात घालण्याआधी सगळे स्विच बंद करायचे, आणि प्रत्येक वायर बोर्डाच्या खाली थोडी लोंबू द्यायची, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी खाली टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

वजन. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टँक म्हणजे १२ घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे जवळपास ३४० लिटर. लिटरला एक किलो. त्यावर काच, वाळू, दगड, स्टँड धरले, की काठोकाठ न भरताही चारशे किलोच्या वर जातं. आणि हे सगळं सहा चौरस फुटांवर उभं. राहत्या खोल्यांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे २०० किलो आहे. तो पूर्ण खोलीवर पसरलेला धरतात, त्यामुळे टँक ठेवला की लगेच स्लॅब खाली येतो असं कोणी समजू नका. पण टँक खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवायचा, आणि घाटकोपर-मुलुंडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर चार फुटाच्या वर जायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं. तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, त्यामुळे सोसायटीकडे कोणाचं तरी नाव असतंच.

गॅस. झाडांच्या टँकसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर लावणार असाल तर तो दाबाखालचा गॅस आहे. पहिली जोडणी जाणकाराकडून करून घ्या आणि स्वतः बघून शिका. वारा न येणाऱ्या छोट्या खोलीत सिलेंडर ठेवू नका.

प्रश्न दुसरा: किती वेळा येणार?

वर्षात चोवीस वेळा येणारं काम शिकायला दोन दिवस घातले तर ते वसूल होतात. पाच वर्षांतून एकदा येणारं काम शिकण्यात तितकेच दिवस घालवले तर हौसेच्या खात्यात टाकायचे, धंद्याच्या नाही.

पाणी बदलणं, काच पुसणं, स्पंज पिळणं, एअर पंपाची नळी बदलणं, लाईटचा टायमर लावणं ही वारंवार येणारी कामं. स्वतः शिका, किंवा दुकानातल्या मुलाला शिकवा. लाईट बदलणंही यातच. नवीन एलईडी जास्त उजेडाचा असेल तर तो बारा तास लावू नका, सहा ते आठ तास पुरे. नाहीतर शेवाळ वाढेल आणि परत लाईटला दोष जाईल.

फिल्टर बदलणं दोन-चार वर्षांतून एकदा. टँक मोठा करणं त्याहून क्वचित. नवा इलेक्ट्रिक पॉइंट, एकदाच.

प्रश्न तिसरा: माझ्या तासाची किंमत

इथे सगळे अडकतात. "माझा वेळ फुकट आहे" असं म्हणणाऱ्या माणसाचा धंदा वाढत नाही, कारण फुकट गोष्ट कोणी जपून वापरत नाही.

समजा सगळा खर्च जाऊन महिन्याला तुमच्या हातात ३६,००० रुपये राहतात. २६ दिवस, रोज १० तास दुकान. म्हणजे २६० तास. ३६,००० भागिले २६०, तर तासाला साधारण १३८ रुपये. हा तुमचा सरासरी तास.

आता फिल्टर स्वतः बदलायचा. बोरिवलीहून कुर्ल्याच्या ॲक्वेरियम मार्केटला जाऊन, चार दुकानं फिरून परत यायला समजा तीन तास. पहिल्यांदा जोडायला तीन तास, कारण पाईप लहान-मोठा निघतोच. दुसऱ्या दिवशी गळतीची तपासणी, एक तास. एकूण सात. सात गुणिले १३८ म्हणजे ९६६ रुपये.

माणूस समजा जोडणीचे १,२०० घेतो आणि सामान तोच आणतो. तुम्ही एक तास उभं राहून बघता, त्याचे १३८. झाले १,३३८ रुपये. वरवर बघता स्वतः केलं तर ३७२ रुपये वाचले.

पण थांबा. ते सात तास कोणते होते? त्यातले तीन तास संध्याकाळी सहा ते नऊ असतील, आणि तुमच्या दुकानात त्या वेळी तासाला समजा ५०० रुपये सुटत असतील, तर हिशोब बदलतो. तीन तासांचे १,५००, उरलेल्या चार तासांचे ५५२, एकूण २,०५२. म्हणजे माणूस बोलवणं ७१४ रुपयांनी स्वस्त पडलं.

काम तेच, फिल्टर तोच, फक्त घड्याळ बदललं. म्हणून "स्वतः केलं की स्वस्त" किंवा "माणूस लावला की स्मार्ट" असं सरसकट कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दुपारी दोन ते चार दुकान रिकामं असेल तर तो वेळ शिकायला वापरा. संध्याकाळ गिऱ्हाइकाला द्या.

आता पाणी बदलण्याचा हिशोब. माणूस समजा एका फेरीचे ५०० घेतो, महिन्यात दोन फेऱ्या, १,००० रुपये. स्वतः केलं तर दुपारचे दोन तास, २७६ रुपये. वर्षाला ८,६८८ रुपयांचा फरक. एवढ्यात चांगला फिल्टर येऊ शकतो.

मग नेमकं कोणतं काम कोणाचं?

माझ्या मते वाटणी अशी:

- पाणी बदलणं, स्पंज, एअर पंप, लाईट, टायमर: स्वतः.
- दोन फुटी टँकचा फिल्टर, म्हणजे ५०-६० लिटरपर्यंत: स्वतः, जुना फिल्टर सोबत चालू ठेवून.
- चार फुटी टँकला कॅनिस्टर किंवा खाली संप: पहिल्यांदा माणूस, तुम्ही शेजारी उभे राहून शिका, पुढची सफाई स्वतः.
- टँक हलवणं, मोठा टँक बसवणं, काचेचं सिलिकॉन: माणसं लावा, आणि एक नाही, दोन-तीन.
- नवा पॉइंट, आरसीसीबी, अर्थिंग: फक्त वायरमन.

हीटरबद्दल बरेच जण विचारतात. मुंबईत बहुतेक माशांना वर्षभर त्याची गरज पडत नाही. उलट एप्रिल-मेमध्ये पाणी तापतं, तेव्हा पाण्यावर छोटा पंखा लावणं जास्त उपयोगी. हीटर असेलच तर काढण्याआधी बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा. गरम काच हवेत आली की तडकते.

सामान घेताना दोन गोष्टी

फिल्टरच्या खोक्यावर तासाला किती लिटर ते लिहिलेलं असतं. साधा नियम असा, की तासाला टँकच्या चार ते सहा पट पाणी फिरलं पाहिजे. चार फुटी टँकमध्ये प्रत्यक्षात ३०० लिटर पाणी धरलं तर १,२०० ते १,८०० लिटर. पण खोक्यावरचा आकडा आत मीडिया नसताना, पाणी वर न चढवता मोजलेला असतो. प्रत्यक्षात कमी मिळतो, म्हणून वरचा आकडा बघून घ्या.

दुसरं, लाईट बिल. २५ वॉटचा पंप चोवीस तास चालला तर दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट. तेच काम ४० वॉटचा पंप करत असेल तर २८.८ युनिट. दोन फिल्टरांच्या किमतीत ५०० रुपयांचा फरक असेल, तर तो किती महिन्यांत भरून निघतो ते तुमच्या बिलातल्या युनिटच्या दराने काढा.

आणि वीज गेली तर? १२ ऑक्टोबर २०२० आठवतं का? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आजूबाजूची वीज एकदम गेली, काही उपनगरांत ती यायला संध्याकाळ उलटली. कॅनिस्टर इतके तास बंद राहिला की आतल्या जीवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, डब्यातलं पाणी सडतं. वीज आली की तो तसाच चालू करू नका, ते घाण पाणी टँकमध्ये जाईल. उघडा, आतलं पाणी फेका, मीडिया टँकच्या पाण्यात खंगाळा, मग लावा. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या. माणूस कितीही चांगला असला तरी त्या दिवशी तो सगळ्या गिऱ्हाइकांकडे पोचू शकत नाही. म्हणून माणूस लावला तरी एवढं काम तुम्हाला आलंच पाहिजे.

माणूस बोलवताना काय विचारायचं?

"किती घेणार?" हा शेवटचा प्रश्न. आधी हे विचारा:

१. जुन्या मीडियाचं काय करणार? "सगळं धुवून चकाचक करतो" म्हणाला तर आभार मानून निरोप द्या.

२. गळती झाली तर किती दिवस तुमची जबाबदारी? किमान सात दिवस तरी सांगितले पाहिजेत.

३. सामानाचं बिल आणि वॉरंटी कार्ड माझ्या नावावर मिळेल का?

४. पुढची सफाई मला करून दाखवाल का? जो शिकवायला घाबरतो त्याला तुम्ही कायम अडकून राहायला हवे असता.

ठरलेलं व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहा: काम, रक्कम, तारीख, गळतीची जबाबदारी. आणि अर्धे पैसे काम झाल्यावर, पाणी चोवीस तास फिरल्यावर.

आता, ज्यांना हाच धंदा करायचाय त्यांच्यासाठी

वरचे सगळे प्रश्न उलटे करून वाचा, तुमचा धंदा त्यात दिसेल. गिऱ्हाईक पाईप जोडण्याचे पैसे देत नाही, पाईप यूट्यूब बघून तोही जोडेल. तो पैसे देतो ते काही बिघडलं तर फोन उचलणाऱ्याला. म्हणून दरात परत फेरी मारण्याचा खर्च आधीच धरा. दहा कामांत दोन वेळा परत जावं लागत असेल, तर त्या दोन फेऱ्यांचा खर्च दहांवर वाटा.

प्रवास हा तुमचा सगळ्यात मोठा छुपा खर्च. सकाळी बोरिवली, दुपारी मुलुंड, संध्याकाळी अंधेरी असं घेतलंत, तर दिवस जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर जाईल. वार ठरवा. सोमवार-मंगळवार अंधेरी ते बोरिवली, बुधवार-गुरुवार घाटकोपर ते मुलुंड. "तुमच्या एरियात मी बुधवारी असतो" हे ऐकून गिऱ्हाईक नाराज होत नाही, उलट हा माणूस बिझी आहे असं त्याला कळतं.

पाणी बदलण्याच्या फेऱ्यांवर धंदा उभा करू नका, कारण मी आत्ताच तुमच्या गिऱ्हाइकाला ते स्वतः करायला शिकवलंय. ज्यांचा तास महाग आहे, म्हणजे डॉक्टर, हॉटेल, ऑफिस, त्यांना वर्षाचा करार द्या. घरच्या गिऱ्हाइकाला बसवून द्या आणि शिकवून द्या. तो सामान घ्यायला तुमच्याकडेच येतो.

शिकायचं कुठे? अंधेरीच्या वर्सोव्यात केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, १९६१ पासूनची. तिथे शोभिवंत मासे आणि ॲक्वेरियम या विषयांवर छोटी प्रशिक्षणं वेळोवेळी होतात, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. कागदपत्रांत उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना वर्षाला ४० लाख उलाढाल आहे, पण तुम्ही सर्व्हिसही देत असाल तर २० लाख धरून चाला. आणि वायरिंगचं काम गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी स्वतः करू नका. एका चांगल्या वायरमनशी ओळख ठेवा, त्याचं काम त्याला द्या. तुम्हीसुद्धा शेवटी माणूस बोलवणारेच आहात.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कागद घ्या. तुमच्या धंद्यातली दहा कामं लिहा. प्रत्येकापुढे तीन रकाने: चुकलं तर परत आणता येईल का, वर्षात किती वेळा, आणि दिवसाच्या कोणत्या तासात ते होतं. मग बघा, तुम्ही कोणत्या कामाला माणूस लावलाय आणि कोणतं काम अंगावर घेतलंय. दहापैकी दोन-तीन तरी उलटी निघतील. एकच निवडा आणि या महिन्यात बदला. बाकीची पुढच्या महिन्यात.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत टँकमध्ये हात घालायच्या आधी स्विच बंद.